मुंबई हायचं तेल, परभणीचा पंप आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की पेट्रोल-डिझेल, क्रूड (म्हणजे जमिनीतून निघणारं कच्चं तेल), सीएनजी यावर जे काही डोक्यात असेल ते विचारा, आणि तुम्ही खरंच भरपूर विचारलंत. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतोय. काही उत्तरं लांबली आहेत, पण विषयच तसा आहे.

प्रश्न : आम्ही उरणचे. ओएनजीसीचा प्लांट इथेच, समुद्रातलं तेल पाइपने इथे येतं हे लहानपणापासून ऐकतोय. मग देशाला ८८ टक्के तेल बाहेरून का आणावं लागतं? आपलं तेल संपलं का? (वाचक, उरण)

संपलेलं नाही, पण उतरणीला लागून बरीच वर्षं झाली. मुंबई हाय हे समुद्रातलं तेलक्षेत्र सापडलं १९७४ ला, 'सागर सम्राट' या रिगने तिथे विहीर खणली, आणि १९७६ ला तेल यायला लागलं. किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर आत आहे ते. मार्च १९८५ मध्ये तिथून दिवसाला जवळपास ४ लाख ७० हजार बॅरल तेल निघत होतं. एप्रिल २०२४ मध्ये तोच आकडा १ लाख ३४ हजारांच्या आसपास आला.

असं का होतं? तिथलं तेल म्हणजे खाली मोठं तळं भरलंय असं नसतं, ते चुनखडीच्या खडकाच्या बारीक छिद्रांत भिजलेल्या स्पंजासारखं मुरलेलं असतं. सुरुवातीला खडकातल्या दाबानेच वर येतं. पुढे दाब कमी झाला की समुद्राचंच पाणी साफ करून खाली सोडायचं, म्हणजे दाब टिकतो आणि तेल विहिरीकडे ढकललं जातं. पण मग वर्षं सरतात तसं विहिरीतून तेलाबरोबर पाणीही वर यायला लागतं, आणि हळूहळू पाणीच जास्त. ते वेगळं काढायचं, शुद्ध करायचं, पन्नास वर्षं खाऱ्या हवेत उभे असलेले प्लॅटफॉर्म आणि गंजणाऱ्या पाइपलाइन सांभाळायच्या, आणि एवढं करून बॅरल मात्र पूर्वीपेक्षा कमी. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने बीपी या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक मदतीसाठी घेतलं, दहा वर्षांत तेल-वायूचं उत्पादन ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकेल असं तेव्हा सांगितलं गेलं. व्हावं तसं, मनापासून वाटतं. पण झालं तरी १९८५ चे दिवस परत येणार नाहीत.

आता खरी गोष्ट ऐका, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात. १९८५-८६ ला अख्ख्या देशाचं क्रूड उत्पादन साधारण ३ कोटी टन होतं. मध्ये राजस्थानात बाडमेरला मंगला क्षेत्र सापडलं (तिथलं तेल इतकं मेणचट की गुजरातपर्यंतची पाइपलाइन सतत गरम ठेवावी लागते, नाहीतर आतच थिजेल), आणि २०११-१२ ला आपण ३.८ कोटी टनांवर गेलो. मग घसरत घसरत २०२४-२५ ला २.८७ कोटी टन. म्हणजे चाळीस वर्षांनी आपण जवळपास तिथेच आहोत. पण खप? १९८५-८६ ला ४ कोटी टनांच्या आसपास होता, २०२४-२५ ला जवळपास २४ कोटी टन! तुमच्या उरणच्या पाइपमधून येणारं तेल कमी झालं हे खरं, पण ८८ टक्के परावलंबन आलं ते मुख्यतः आपला खप सहापट झाला म्हणून. उद्या मुंबई हायचं तेल दुप्पट झालं तरी हा आकडा थोडासाच हलेल. म्हणूनच मला वाटतं की तेल कुठे सापडेल यावर आपण जेवढं बोलतो त्याच्या निम्मं तरी ते कोण, कशासाठी जाळतंय यावर बोलायला हवं.

प्रश्न : मुंबईत रिफायनऱ्या, मुंबईजवळ तेल, पण राज्यात पेट्रोल महाग म्हटलं की बातमीत आमच्या परभणीचं नाव. आमचा काय गुन्हा? (वाचक, परभणी)

गुन्हा काही नाही, अंतर आहे. मुंबईत माहुलला बीपीसीएल आणि एचपीसीएल या सरकारी तेल कंपन्यांच्या रिफायनऱ्या. तिथून पेट्रोल-डिझेल पाइपलाइनने मनमाडजवळ पानेवाडीला येतं, दुसरी एक लाइन पुण्यावरून सोलापूरकडे जाते. पाइपने तेल नेणं स्वस्त पडतं. पण पानेवाडीच्या पुढे टँकरच. नाशिक, खानदेश आणि मराठवाड्याचा मोठा भाग याच टँकरवर चालतो, आणि तिथून परभणी साधारण तीनशे किलोमीटर. ते भाडं लिटरमागे भावात बसतं, आणि व्हॅट, म्हणजे राज्याचा कर, टक्केवारीत असल्यामुळे भाव वाढला की करही वाढतो. म्हणजे दुहेरी मार.

आणि हे फक्त भावापुरतं नाही. जानेवारी २०२४ आठवतोय ना? हिट अँड रनच्या नव्या कलमाविरोधात ड्रायव्हर मंडळी स्टिअरिंग सोडून उतरली, पानेवाडीतून टँकर निघेनात, आणि एक-दोन दिवसांतच पंपांवर रांगा, लोक बाटल्या-कॅन घेऊन उभे. समुद्रात तेल होतं, रिफायनरी चालू होती, पाइपलाइन भरलेली होती, अडलं होतं फक्त डेपो ते पंप. तेलाचा पुरवठा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर आखाती देश येतात, पण आपल्या गावापुरता पुरवठा शेवटी त्या टँकर ड्रायव्हरच्या हातात असतो, आणि त्याच्या झोपेची, पगाराची, रस्त्यावर मार खायच्या भीतीची चौकशी आपण संप झाल्याशिवाय करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : रशियाचं तेल स्वस्तात आलं म्हणतात, मग पंपावर भाव का नाही उतरला? (वाचक, डोंबिवली)

२०२२ च्या आधी आपल्या आयातीत रशिया २ टक्क्यांच्याही आत होता, २०२३-२४ पर्यंत तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला. पण मे २०२२ ची एक्साइज (केंद्राचा कर) कपात झाल्यावर कंपन्यांनी भाव जवळपास गोठवून ठेवले ते थेट मार्च २०२४ पर्यंत, तेव्हा दोन रुपये उतरले. आधी कंपन्यांनी तोटा सोसला, नंतर क्रूड उतरल्यावर तो भरून निघाला आणि वर नफाही झाला. २०२३-२४ ला तीन सरकारी कंपन्यांचा मिळून नफा ८१ हजार कोटींच्या आसपास होता. तुमची तक्रार मला रास्त वाटते. क्रूड चढताना कंपन्यांनी ग्राहकाला वाचवलं ते मान्य, पण उतरताना ग्राहकाला त्याचा वाटा आणखी मिळायला हवा होता.

प्रश्न : इथेनॉलमुळे अ‍ॅव्हरेज पडलं. शेतकरी म्हणून ऊस माझा, गाडीवाला म्हणून नुकसानही माझं. काय समजायचं? (वाचक, वाळवा तालुका)

दोन्ही खरं आहे. इथेनॉल म्हणजे ऊस, मका यांपासून केलेलं अल्कोहोल, ते पेट्रोलमध्ये मिसळतात, आणि त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे मिश्रणातलं इथेनॉल दहावरून वीस टक्क्यांवर गेलं की लिटरमागची ऊर्जा तीन-साडेतीन टक्के घटते, शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तर सहा-सात. पन्नास देणारी गाडी अठ्ठेचाळीस देईल, पस्तीसवर आली तर दोष दुसरीकडे शोधा. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबरी पार्ट वीस टक्क्यांना चालतील असे असतात, जुनी गाडी असेल तर पाइप-सील मेकॅनिककडून एकदा बघून घ्या.

उसाचं म्हणाल तर डिसेंबर २०२३ मध्ये रसापासून इथेनॉल करायला अचानक लगाम लागला तेव्हा कारखान्यांची झालेली पळापळ तुम्ही जवळून पाहिलीच असेल, आणि त्या हंगामात इथेनॉलमध्ये मका उसाच्या पुढे निघून गेला. आणखी एक गोष्ट म्हणजे हे सगळं पेट्रोलपुरतं आहे. देशात डिझेल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त जळतं, आणि डिझेलला इथेनॉलचा हात लागलेला नाही.

प्रश्न : कळंबोलीत ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. सगळे म्हणतात ईव्ही आली, तेल संपलं. आम्हाला तर रस्त्यावर गाड्या वाढतानाच दिसतात. खप खरंच कमी होतोय का? (वाचक, नवी मुंबई)

तुमच्या डोळ्यांना दिसतंय तेच आकडे सांगतात. २०१३-१४ ला देशात १.७ कोटी टन पेट्रोल विकलं गेलं, २०२४-२५ ला ४ कोटी टन. डिझेल ६.८ कोटींवरून ९.१ कोटी टनांवर. म्हणजे दोन्ही वाढले, पण चाल बघा, पेट्रोल दुपटीच्या वर आणि डिझेल फक्त एक तृतीयांशाने.

डिझेल का मंदावलं? ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याचे भाव सरकारी नियंत्रणातून सुटले, पेट्रोलशी फरक कमी झाला, लोकांनी डिझेल कार घेणं सोडलं. रेल्वेचं विद्युतीकरण झालं, आपली कोकण रेल्वेसुद्धा २०२२ ला पूर्ण विजेवर आली. छोटे टेम्पो, बस सीएनजीवर गेल्या. तरी डिझेल वाढतंच आहे कारण माल वाढतोय, आणि लांब पल्ल्याच्या ट्रकला अजून परवडणारा दुसरा पर्याय नाही हे मी तुम्हाला काय सांगणार.

पेट्रोलचं मात्र मला जास्त टोचतं. २०१४ च्या एका सरकारी पाहणीत निघालं होतं की पेट्रोलपैकी ६० टक्क्यांच्या वर दुचाकी पितात. गावातल्या पोराला कॉलेजला, बाईला दवाखान्याला, मजुराला एमआयडीसीत जायचंय आणि एसटी वेळेवर नाही, म्हणून हप्त्यावर बाइक. साधा हिशोब करा, एसटी लिटरला साडेचार किलोमीटर देते आणि ४५ माणसं नेते. तीच ४५ माणसं पन्नास देणाऱ्या बाइकवर एकेकटी निघाली तर किलोमीटरला जवळपास एक लिटर जळतं, एसटीत पाव लिटरच्या आत. चौपट फरक! मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं आणि गाड्या भरून वाहायला लागल्या, तेव्हा लोक त्याला फक्त सवलत म्हणाले. मी त्याला इंधन बचतीची योजना म्हणतो, फक्त जोडीला गाड्याही वाढवा.

ईव्हीचं म्हणाल तर तीनचाकीत खरंच मोठा बदल झालाय, दुचाकीत २०२४-२५ ला विक्रीच्या साधारण ६ टक्के. खप वाढण्याचा वेग थोडा कमी होईल, खप घटायला वेळ आहे. आणि सीएनजी पूर्ण देशी आहे असं समजू नका, देशातला निम्मा गॅस जहाजाने येतो. जुन्या क्षेत्रांतला, म्हणजे आपल्या मुंबई हायसारख्या ठिकाणचा स्वस्त गॅस घटला म्हणून २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शहर गॅस कंपन्यांचा कोटा कापला, आणि मग मुंबईत सीएनजी महागला. विहीर समुद्रात आटते आणि खिसा कुर्ल्याच्या रिक्षावाल्याचा कापला जातो.

प्रश्न : सावंतवाडीला राहतो. पेट्रोल भरायला पत्रादेवीला, गोव्याच्या हद्दीत जाणं परवडतं का? (वाचक, सिंधुदुर्ग)

गोव्यात कर कमी, लिटरमागे सात-आठ रुपयांचा फरक पडत आलाय. स्कूटरची टाकी पाच लिटरची धरली तर वाचले चाळीस. जाऊन-येऊन तीस किलोमीटर म्हणजे पेट्रोल जळलं साठ-पासष्टचं. मुद्दाम जाऊ नका. बांद्यात राहणाऱ्याला किंवा रोज म्हापशाला कामाला जाणाऱ्याला मात्र फायदा आहे, आणि ट्रकवाल्यांना तर आहेच, चारशे लिटरची टाकी हद्दीपलीकडे भरायची आणि जाळायची महाराष्ट्रात. म्हणून राज्यवार खपाचे आकडे कुठे वाचलेत तर हे ध्यानात ठेवा की ते विक्रीचे असतात. गोव्याच्या नावावर दिसणारं बरंच डिझेल महाराष्ट्रातल्या कशेडी घाटात जळलेलं असतं.