आईला लकवा मारून सात आठवडे झाले. फिजिओथेरपी घरीच करावी की सेंटरला न्यावं, आणि किती महिन्यांत बरी होईल?

तुमच्या प्रश्नात शेवटी एक वाक्य आहे: "आम्ही आईला काहीच करू देत नाही, पाण्याचा गिलासही आम्हीच तोंडाला लावतो." त्या वाक्यासाठी मी हे लिहितेय. घर की सेंटर ते पुढे सांगते, पण आधी हे बंद करा. आजपासून.

माझ्या बाबांचा नागपुरात महाल भागात पानठेला होता, बत्तीस वर्षं. २०१९ च्या मे महिन्यात सकाळी आठला ठेला उघडायला निघाले आणि घराच्या पायरीवरच बसले. तोंड वाकडं, जीभ जड, उजवा हात लोंबत होता. आदल्या दिवशी उन्हात फिरले होते, म्हणून दादाला वाटलं ऊन लागलं. त्यानं तळपायाला कांदा चोळला, पन्हं पाजलं, कुलरसमोर झोपवलं. दुपारी दोनला दवाखान्यात नेलं, तोवर मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत निघून गेली होती. यावरून मी दादाला आजवर एक शब्द बोलले नाही. मे महिन्यात नागपूरच्या कुठल्याही घरात हेच झालं असतं. माझं त्याच्याशी भांडण झालं ते पुढच्या दोन महिन्यांवरून.

दादानं सेवा केली, जीव तोडून केली. घास भरवायचा, तोंड पुसायचा, कूस बदलायची तर उचलून बदलायचा. बसवताना मात्र लुळ्या हाताच्या काखेत हात घालून ओढायचा. लकवा मारलेल्या खांद्याचे स्नायू ढिले असतात, हाडाचा गोळा खोबणीतून खाली सरकतो. तसंच झालं. त्यात कोणीतरी सांगितलं म्हणून एका गावी तेलाच्या मालिशीला नेलं, तिथं तोच हात आणखी ताणला. तो खांदा बाबांना पुढे वर्षभर रात्री झोपू देत नव्हता.

जुलैत मी महिन्याची रजा टाकून चंद्रपूरहून आले. बघते तर बाबांचा डावा हात, जो धडधाकट होता, तोही मांडीवर नुसता पडून. दोन महिन्यांत त्या हातानं चमचासुद्धा धरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना खुर्चीत बसवलं, समोर टेबल ओढलं, उजवा तळवा बशीच्या काठावर ठेवला, डाव्या हातात चमचा दिला आणि पोहे वाढले. पन्नास मिनिटं लागली. निम्मे पोहे लुंगीवर सांडले. बाबा रडले. आत्या तर दारात उभी राहून मोठ्यानं रडायला लागली, "काहून बापाचे हाल करून राहिली वं तू!" दादा काही बोलला नाही, उठून निघून गेला आणि मग चार दिवस माझ्याशी बोललाच नाही. तो घाव अजून आहे. पुढच्या दिवाळीत पाहुण्यांसमोर वहिनी म्हणाली होती, "ताईंनी बाबांना राबवलं."

हो, राबवलं. आणि राबवलं म्हणूनच ते आज स्वतःच्या हातानं जेवतात.

मेंदूतला जो भाग मेला तो परत जिवंत होत नाही. शेजारचा भाग त्याचं काम शिकतो, पण काम पडलं तरच शिकतो. हात हलवून बघितला, जमलं नाही, दुसऱ्यानं लगेच करून दिलं, असं शंभरदा झालं की मेंदू त्या हाताचा नादच सोडतो. एडवर्ड टॉब यांनी हे आधी माकडांमध्ये दाखवलं आणि त्यावरून उपचार बसवला: चांगला हात बांधून ठेवायचा आणि अधू हाताकडून तासन्‌तास काम करून घ्यायचं. २००६ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. २२२ रुग्ण, स्ट्रोक (म्हणजे लकव्याचा झटका) होऊन तीन ते नऊ महिने झालेले. दोन आठवड्यांच्या अशा सरावानंतर त्यांचा हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला आणि वर्षभरानंतरही तो फरक टिकला होता. हे मी दादाला वाचून दाखवलं होतं. तो म्हणाला, "अमेरिकेतल्या लोकांना माया नसते."

आता ओटीबद्दल. आपल्याकडे ओटी म्हटलं की ऑपरेशन थिएटरच आठवतं. इथं ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. फिजिओ उभं राहणं, चालणं, तोल यांवर काम करतो. ओटी हात, आंघोळ, कपडे, जेवण अशा रोजच्या कामांवर. मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, तिचा वेगळा विभाग आहे, पण लोक फिजिओ करून परत जातात. तिथल्या मुलीनं मला पहिलाच प्रश्न विचारला, "बाबा काम काय करायचे?" दोन महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, पानठेला. ती म्हणाली, "मग पानंच आणा."

दुसऱ्या दिवशी मी ओल्या फडक्यात गुंडाळून पानं घेऊन आले. चुन्यानं बोटं भाजतील म्हणून वाटीत घट्ट दही घेतलं. डाव्या हातानं दही लावायचं, उजव्या हाताच्या अंगठ्याखाली पान दाबून धरायचं, मग दुमडायचं. पहिल्या दिवशी बारापैकी अकरा पानं फाटली. रोज सकाळी बारा आणि संध्याकाळी बारा पानं, महिनाभर. तंबाखू आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) मात्र घरातून हद्दपार केला. बाबांनी तीस वर्षं खर्रा खाल्ला होता आणि बीपीची गोळी मनानं सोडली होती. दुसरा झटका यायला तेवढं पुरतं.

बोलण्याचंही असंच. बाबांना "पाणी" म्हणता येत नव्हतं, पण एक ते वीस आकडे घडाघडा यायचे, हरिपाठ यायचा, शिवीसुद्धा यायची. पाठ झालेलं बोलणं आणि मनातलं बोलणं मेंदूत एकाच वाटेनं येत नाही, म्हणून असं होतं. रुग्ण नाटक करत नसतो. सतराव्या दिवशी मीच एक पान करून दाखवत होते आणि दही जास्त लागलं. बाबा माझ्या हाताकडे बघून चिडून म्हणाले, "कमी लाव." अडीच महिन्यांनी त्यांच्या तोंडून निघालेलं पहिलं स्वतःचं वाक्य. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि तोंडावर पदर धरून रडले. वहिनी तिथेच होती. तीही रडली, हे मला सांगितलं पाहिजे.

तुमचं उत्तर. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात जोरात होते, म्हणून आता रोज सेंटरला न्या, फिजिओ आणि ओटी दोन्ही. पण सेंटरचा एक तास आणि घरी तेवीस तास लोळणं, हा पैशाचा धूर आहे. तिथं जे शिकवतील ते तुम्ही शिकून या आणि उरलेला दिवस त्यात गुंतवा. "सहा महिन्यांनंतर काही होत नाही" हे ऐकू नका. वेग कमी होतो, पण सराव चालू असेल तर सुधारणा होत राहते. पूर्ण बरी कधी होईल, ही तारीख जो देईल त्याच्याकडे जाऊ नका.

आणि हे मी आधीच सांगायला हवं होतं: आईची गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय पोह्यांचा माझा प्रयोग करू नका. पाणी पिताना ठसका लागत असेल, आवाज ओलसर येत असेल, तर अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. पातळ पाणी हेच सगळ्यात धोक्याचं असतं. चांगला हात बांधायचा उपचारही ज्यांची बोटं थोडी तरी हलतात त्यांच्यासाठीच आहे, तोही थेरपिस्टच्या देखरेखीत. आई कारण नसताना सारखी रडत असेल तर तो मेंदूच्या इजेचा भाग असू शकतो. पण जेवण सोडलं, झोप उडाली, बोलणं बंद झालं तर ते नैराश्य असू शकतं, डॉक्टरांना दाखवा. स्ट्रोकनंतर साधारण तिघांत एकाला येतं, आणि त्याला औषध आहे.

दादाबद्दलही एक लिहिते. बाबांना उचलून उचलून त्याची कंबर गेली, बेल्ट लावून हिंडतो. त्याला कोणी शिकवलं असतं की उचलायचं नसतं, उठायला आधार द्यायचा असतो, तर दोघंही वाचले असते. म्हणून सेंटरला जाताना तुमच्या घरात आईला जो उचलतो त्याला सोबत न्या, त्याच्या हातून करून घ्या.

आईची कोणती बाजू गेली ते तुम्ही लिहिलं नाही. डावी गेली असेल तर पुष्कळदा त्या बाजूचं जगच लक्षात येत नाही, ताटातलं डावीकडचं तसंच राहतं आणि घरचे म्हणतात भूक नाही. तसं असेल तर तिच्या डावीकडे बसून बोला, टीव्ही आणि पाण्याचा गिलासही डावीकडे ठेवा. उजवी गेली असेल आणि बाबांसारखं बोलणंही अडलं असेल तर सांगा, बोलण्याच्या सरावाचं आम्ही काय काय केलं ते सविस्तर लिहीन.