तूरजवळचं बंद घर

प्रश्न : काका, मुलगा फ्रान्समध्ये तूर शहरात शिकतो (नावावरून आमच्याकडे रोज डाळीचे विनोद होतात). सप्टेंबरात त्याच्याकडे गेले, तेव्हा जवळच्या गावातली एक बंद हवेली पाहायला मिळाली. किल्ली सांभाळणाऱ्या आजीबाईंनी दार उघडून दिलं. पांढऱ्या मऊ दगडाच्या भिंती, काळं छप्पर अन् छपरातच खिडक्या. आत काळे डाग पडलेला मोठा आरसा, अन् एका खोलीत जमिनीवर विटकरी भुकटी. फोटो पाठवतेय. एवढं घर कोणी टाकून काहून देतं? आमचा इथल्या महाल भागातला वाडाही सहा वर्षं बंद आहे. हिस्सेदार अकरा.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, ‘हिस्सेदार अकरा’ लिहून अर्धं उत्तर तुम्हीच दिलंत. नेपोलियनच्या १८०४ च्या कायद्यापासून तिथे आईबापाच्या मालमत्तेवर लेकरांचा हक्क पक्का. तीन मुलं असतील तर पाऊण हिस्सा त्यांच्यासाठी राखावाच लागतो, मर्जीनं द्यायला उरतो तो पाव. मग एक भाऊ पॅरिसला, बहीण कॅनडात, छपराचा खर्च कोणी करायचा यावरून अबोला, अन् दाराला कुलूप. महालात तरी काय वेगळं होतं?

आता ती भुकटी. फोटोवरून ती मला साधी धूळ वाटत नाही. फ्रेंच लोक जिला ‘मेर्यूल’ म्हणतात, त्या बुरशीचे बीजाणू असेच गंजाच्या रंगाचे असतात. तिच्या शास्त्रीय नावात ‘रडणारी’ असा शब्द आहे, कारण तिच्या अंगावर पाण्याचे थेंब साचतात. ओल्या तुळईत ती सुरू होते, दोऱ्यासारखे तंतू भिंतीच्या सांध्यांतून पलीकडे काढते अन् पुढचं लाकूड गाठते. खाल्लेल्या लाकडाला चौकोनी चिरा पडतात, बोटानं चुरा होतो. त्या खोलीच्या फळ्यांवर पुन्हा पाय देऊ नका.

ओल वरून आली. दुहेरी उताराचं ते छप्पर सतराव्या शतकातल्या फ्रांस्वा मान्सारच्या नावानं ओळखतात, जरी तशी छपरं त्याच्या आधीही होती. खालचा उतार जवळजवळ भिंतीसारखा उभा, म्हणून पोटात अख्खा मजला बसतो. वर स्लेट, म्हणजे आपल्या शाळेतल्या पाटीचाच दगड. पाटी शंभर वर्षं सहज टिकते, ती धरून ठेवणारा लोखंडी खिळा आधी गंजतो. एक पाटी घसरते, पन्हळीत अडकते, पन्हळ तुंबते, अन् पाणी आत.

आरसा जुना असेल तर काचेमागे कथील आणि पारा असणार. हात लावला नसेल तर बरं केलंत. (पुन्हा जाल तेव्हा सप्टेंबरातला तिसरा शनिवार-रविवार गाठा. १९८४ पासून तिथे त्या सुमारास वारसादिन असतात, एरवी बंद असलेली कितीतरी घरं उघडतात.)

तुमच्या वाड्याला मेर्यूलची भीती नाही. तिला वीस-बावीस अंशांचा गारवा लागतो, आपल्या मे महिन्यात ती जगायची नाही. आपल्याकडे वाळवी. आणि सिमेंट! इतवारीतल्या आमच्या आजोळच्या वाड्याला मामांनी चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंट थापलं. भिंतीतली ओल कोंडली, तिसऱ्या पावसाळ्यात पोपडे सुटले, अन् सागाच्या खांबाचं बूड वाळवीनं पोकळ केलं. मामा शेवटपर्यंत मिस्त्रीलाच दोष देत राहिले.

तेव्हा मृगाच्या आत कवेलू शाकारून घ्या, फुटके बदला, पन्हळ आणि चौकातली मोरी साफ करा. पंधरा दिवसांतून एकदा दारं-खिडक्या उघडून वारा खेळू द्या. चुन्याला हात लावू नका. खर्च अकरांत वाटला तर माणशी फार येणार नाही, वाटणीच्या सह्या व्हायच्या तेव्हा होतील. शिडी नसेल तर माझी धंतोलीत जिन्याखाली पडून आहे, घेऊन जा. परत मात्र आणा, मागची गेली ती गेलीच.