गोबरगॅसची चूल रुसली तर

प्रश्न : दोन घनमीटरचं दीनबंधू संयंत्र (पक्क्या घुमटाची गोबरगॅसची टाकी) आहे, चार म्हशी आहेत. महिन्याभरापासून लग्नघरचा उरलेला भात आणि खरकटं बादलीनं टाकतोय. आता घड्याळात दाब भरपूर दिसतो, पण काडी लावली की चूल पेटत नाही. आउटलेटला आंबूस वास येतो. (निपाणी तालुका)

उत्तर : तुमच्या टाकीला अपचन झालंय. भातासारख्या शिजलेल्या अन्नाचं एक-दोन दिवसांतच आम्लात रूपांतर होतं. ते आम्ल खाऊन मिथेन तयार करणारे जीवाणू मात्र सावकाश काम करतात आणि आम्ल साचलं की थंडावतात. मग टाकीत साठतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. दाब दिसतो, जाळ लागत नाही, तो यामुळेच.

आठ दिवस काहीही टाकू नका. साठलेला गॅस उघड्यावर सोडून द्या. जवळ विडी, काडी नको. आउटलेटची स्लरी (टाकीतून बाहेर पडणारं पातळ शेण) आम्लता दाखवणाऱ्या पीएच पट्टीनं तपासा. ६.८ ते ७.५ असेल तर ठीक, ६.५ च्या खाली असेल तर आणखी थांबा. चुना एकदम ओतण्याचा सल्ला लोक देतात, तो मानू नका. वास कमी झाला की शेजाऱ्याच्या चालू संयंत्रातली तीन-चार बादल्या स्लरी टाका आणि रोज १२-१३ किलो शेण तेवढ्याच पाण्यात कालवून सुरुवात करा. निळी ज्योत टिकली की हळूहळू ५० किलो शेण, ५० लिटर पाण्यावर या. हीच या टाकीची पूर्ण भूक. त्यातून रोज साधारण दोन घनमीटर गॅस, म्हणजे ०.९ किलो एलपीजीइतकं इंधन मिळतं. १४.२ किलोचा सिलिंडर सोळा दिवसांत संपतो असं धरा, तेवढं. खरकटं द्यायचंच तर दोन-तीन किलो, कुस्करून, ताजं, आणि शेणासोबतच. लिंबाची सालं, हाडं, तळणीचं तेल नको.

प्रश्न : पावसाळ्यात ज्योत फडफडते, मधेच विझते. थंडीत गॅस निम्म्यावर येतो. (खानापूर तालुका, जांबोटी बाजू)

उत्तर : फडफड म्हणजे पाइपात पाणी. टाकीतला गॅस ओलसर असतो, थंड पाइपात त्यातल्या वाफेचं पाणी होतं. पाइपाला दहा मीटरला दहा सेंटिमीटर तरी उतार हवा, आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक. पाइप मध्येच झोळ खात असेल तर कॉक लावूनही उपयोग नाही, आधी तो सरळ करा. जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का तेही बघा.

तुमच्याकडे दुसरी गोष्ट पावसाच्या पाण्याची. आउटलेटच्या खड्ड्यात ते शिरलं की स्लरी पातळ होते. झाकण ठेवा, भोवती मुरमाचा बांध घाला. थंडीचं म्हणाल तर २० अंशांखाली जीवाणू मंदावतातच. शेण दुपारी, कोमट पाण्यात कालवा. घुमटावर मातीचा थर जाड असू द्या.

प्रश्न : उसाचं पाचट टाकलं तर गॅस वाढेल का? साखर कारखाने चिपाडापासून वीज करतातच की. (चिकोडी तालुका)

उत्तर : कारखाना चिपाड कुजवत नाही, बॉयलरमध्ये जाळतो, वाफेवर टर्बाइन फिरतं. पाचटात नत्राच्या मानानं कार्बन फार, शिवाय ते तरंगतं. हळूहळू वर जाड साय धरते आणि गॅस खालीच अडकतो. तशी साय धरली असेल तर बाहेरूनच बांबूनं ढवळा. टाकीत कुणी उतरू नये, गुदमरून माणूस मरतो. पाचट सरीत आच्छादन करा. कारखान्यातल्या प्रेसमडपासून (रस गाळून उरलेल्या गाळापासून) संकुचित, म्हणजे दाबून भरलेला, बायोगॅस होतो, पण ते मोठ्या संयंत्राचं काम, घरच्या टाकीचं नव्हे.