तिकडे पोराचं वजन वाढलंय, आता खायला नाही कसं म्हणू?

जुलैमध्ये गल्फच्या शाळांना सुट्टी लागली की खेड, दापोली, चिपळूणची घरं भरतात आणि माझ्याकडे रत्नागिरीला तोच प्रश्न परत परत यायला लागतो, मॅडम पोराचं वजन फार वाढलंय, आता त्याला खायला नाही कसं म्हणू? विचारते आई, बाजूला बसलेली आजी म्हणते बाळसं आहे, उंची वाढली की झडेल, आणि ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय ते मूल मान खाली घालून मोबाईल बघत असतं.

असंच एक घर, ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. वडील दुबईत गोदामावर सुपरवायझर, भाडं परवडतं म्हणून राहायला शारजात, ट्रॅफिकमधून घरी पोचायला रात्रीचे दहा. मुलगा नऊ वर्षांचा. आई म्हणाली, मान काळी पडलीय, लिंबू लावून घासली तरी जात नाही. तो मळ नव्हताच. मानेवर असा जाडसर काळपटपणा आला की शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते, म्हणून मी आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. शुगर काठावर निघाली.

वडील व्हिडिओवर म्हणाले, "याच्या वर्गात याच्याहून जाड पोरं आहेत मॅडम." मी त्यांना पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं सांगितलं. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्या लोकांचं असं असतं, काटा बरा दिसला तरी आत चरबी जास्त असू शकते, त्यामुळे दुसऱ्याच्या पोराकडे बघून निवांत होऊ नका.

मग एक दिवस मुलाशी एकट्याशी बोलले. "दिवसभरात सगळ्यात जास्त कशाची वाट बघतोस?"

"बेलची."

"कसली बेल?"

"अब्बा येतात ना. चिप्स आणतात. मग आम्ही दोघं सोफ्यावर बसून खातो. अम्मी झोपलेली असते."

त्याला विचारूनच मी हे वडिलांना सांगितलं. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "माझा बाप खलाशी होता, आणून द्यायला त्याच्याकडे काही नसायचं. मी तिकडे गेलो ते पोराला हवं ते मिळावं म्हणून. आता मीच नाही म्हणायचं, तर मी तिकडे राहतो कशाला?"

इथे मला घर दिसलं. तोपर्यंत आई चपात्या मोजत होती, आजी बाजू घेत होती, सगळे पोराच्या तोंडावर पहारा करत होते. मी कायम हेच मानत आलेय की मुलाचं वजन एकट्या मुलाचं नसतं, सगळं घर समोर घेतल्याशिवाय मला काम करता येत नाही. परदेशी गेलेल्या बापाला, पोराला 'नाही' म्हणणं म्हणजे स्वतःचं जाणंच फुकट गेल्यासारखं वाटतं, आणि हे त्याला कोणी विचारतच नाही. मी म्हटलं, "भाई, पोरगा वाट तुमची बघतो. पुडी बंद करा, बसणं बंद करू नका." पहिले काही दिवस पोरगा रुसला. मग दोघं जेवून लगूनच्या कडेने चालायला लागले, आणि नंतर वडिलांनीच शिफ्ट लवकरची मागून घेतली, कारण या वयाला ९ ते १२ तास झोप लागते आणि हा बारापर्यंत जागा असायचा.

आईबापांना दोष देऊन चालणार नाही. तिथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी असते, एवढ्या उन्हात पोरगं खेळणार कुठे? बायको-मुलांच्या विम्याचा खर्च बऱ्याच जणांना स्वतःच करावा लागतो, मग तपासणी पुढे ढकलली जाते. इथे गावात परत गुटगुटीत पोर म्हणजे बापाची कमाई चांगली असं कौतुक.

म्हणून मी सांगते, काय, कधी आणि कुठे खायचं ते मोठ्यांनी ठरवा, किती खायचं ते मुलावर सोडा. त्याचं वेगळं डाएट नको, घरात सगळ्यांना तेच. कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी, बांगड्याचं कालवण शारजातही होतं. आजीने बांधून दिलेलं अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाकच आहे, त्याऐवजी आगळ, म्हणजे कोकमाचा बिनसाखरेचा रस द्या, सोलकढी होईल. जाड्या, ढोल्या ही हाक लाडातसुद्धा नको. वाढत्या वयात बऱ्याचदा वजन कमी करायचं नसतं, आहे तिथे थांबवलं की उंची त्याला गाठते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

मान काळी दिसत असेल तर घासू नका, इथे सुट्टीत आहात तोवर शुगर तपासून घ्या. आणि रिपोर्ट नॉर्मल आला तरी मुलासमोर "वाचलास" असं म्हणू नका.