रेडिओ गच्चीवर, नकाशा खाली

प्रश्न : माझा रेडिओ आणि लॅपटॉप गच्चीवरच्या खोलीत आहेत. लॅपटॉपवर डब्ल्यूएसजेटी-एक्स (हौशी रेडिओवर डिजिटल संदेश पाठवणारा-वाचणारा प्रोग्राम) चालतं. खालच्या डेस्कटॉपवर ग्रिडट्रॅकरचा, ऐकू आलेली स्टेशनं दाखवणारा नकाशा आणि एक लॉगर (झालेल्या संपर्कांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) आहे. दोन्ही कॉम्प्युटर घरच्या एकाच राउटरवर आहेत, तरी नकाशा कोरा. सेटिंगमध्ये डेस्कटॉपचा पत्ता घातला, तर कधी नकाशा चालतो, कधी लॉगर. दोन्ही एकदम कधीच नाही. – एक वाचक, कराड

उत्तर : डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या रिपोर्टिंग टॅबमध्ये यूडीपी सर्व्हरचा, म्हणजे निरोप जिथं पाठवायचे तिथला, पत्ता मुळात १२७.०.०.१ आणि पोर्ट (त्या कॉम्प्युटरचा दार-क्रमांक) २२३७ असतो. १२७.०.०.१ म्हणजे 'हाच कॉम्प्युटर'. गच्चीवरचा लॅपटॉप स्वतःशीच बोलत बसला होता, खाली काही पोचणारच नव्हतं. पत्ता बदललात ते बरोबर केलंत.

पुढचा घोळ पोर्टचा. एका पत्त्यावर साधा पाठवलेला निरोप, तो पोर्ट ज्यानं आधी धरला त्या एकाच प्रोग्रामला मिळतो. नकाशा आधी उघडलात तर नकाशाला, लॉगर आधी उघडलात तर लॉगरला. शिवाय यूडीपी म्हणजे साधं पोस्टकार्ड. पोचलं की नाही, हे पाठवणाऱ्याला कळत नाही, म्हणून डब्ल्यूएसजेटी-एक्स कसलीही चूक दाखवत नाही. तासन्तास त्याच्या खिडकीकडे बघून उपयोग नाही. तपासायचं ते ऐकणाऱ्याच्या बाजूला.

यावर उपाय मल्टिकास्ट, म्हणजे एकच निरोप ऐकणाऱ्या सगळ्यांना एकदम. सर्व्हरच्या जागी २३९.२५५.०.१ घाला, पोर्ट २२३७ राहू द्या. मग 'आउटगोइंग इंटरफेसेस'मध्ये लॅपटॉपचं खरं नेटवर्क कार्ड निवडा. तिथं फक्त लूपबॅकवर ('हाच कॉम्प्युटर') खूण असेल, तर निरोप पुन्हा त्या लॅपटॉपमध्येच फिरतो. नेमका हा रकाना बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. ग्रिडट्रॅकर आणि लॉगर, दोघांतही मल्टिकास्ट चालू करून तोच पत्ता, तोच पोर्ट द्या. एकात जरी साधा पत्ता राहिला तरी पुन्हा भांडण सुरू. डेस्कटॉपच्या फायरवॉलमध्ये दोन्ही प्रोग्रामना परवानगी हवी आणि विंडोजमध्ये घरचं नेटवर्क 'प्रायव्हेट' असावं.

तपासायला बँड उघडण्याची, म्हणजे दूरची स्टेशनं ऐकू येण्याची, वाट बघू नका. बँड मेलेला असला तरी डब्ल्यूएसजेटी-एक्स दर १५ सेकंदांनी 'मी जिवंत आहे' असा निरोप पाठवतंच.

एवढं करूनही नकाशा कोराच, तर संशय वायफायवर घ्या. काही राउटर मल्टिकास्ट नीट पुढे सोडत नाहीत आणि गेस्ट नेटवर्कवर तर उपकरणं एकमेकांना दिसतच नाहीत. जिन्यातून एक लॅन केबल खाली सोडता आली तर मी तीच सोडेन. नाहीच जमलं, तर डेस्कटॉपचा साधा पत्ता ठेवा, २२३७वर फक्त ग्रिडट्रॅकर ऐकू दे आणि त्याच्याच 'फॉरवर्ड'च्या सोयीनं निरोप लॉगरला २२३८वर द्या. दिसायला गबाळं, पण चालतं.

प्रश्न : 'ॲक्सेप्ट यूडीपी रिक्वेस्ट्स'वर खूण करावी का? आणि पुण्याच्या ऑफिसातून नकाशा बघायला राउटरवर हा पोर्ट उघडला तर? – तेच वाचक

उत्तर : डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या या सेटिंगवर खूण केलीत, तर नकाशावरच्या सीक्यूवर ('कोणी आहे का?' या हाकेवर) क्लिक करून उत्तर देता येतं. एफटी८ या डिजिटल पद्धतीत १५ सेकंदांचा फेरा असतो, तेव्हा ही सोय मोलाची. पण ही वाट दोन्ही दिशांनी चालते. बाहेरून आलेला निरोप तुमच्या डब्ल्यूएसजेटी-एक्सला कोणाला उत्तर द्यायचं ते सांगू शकतो, मोकळा मजकूर भरू शकतो, प्रसारण थांबवूही शकतो. या निरोपांना पासवर्ड नसतो. डबल-क्लिकनं प्रसारण सुरू होण्याची सेटिंग चालू असेल, तर हवेत जाईल तो तुमचाच कॉलसाइन (परवान्याचा ओळख-संकेत) आणि विचारणा झाली तर तुम्हालाच होईल.

म्हणून राउटरवर २२३७ उघडू नका, 'थोडा वेळ' म्हणूनसुद्धा नाही. पुण्याहून बघायचंच असेल तर व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतची खासगी, सुरक्षित वाट) लावा. मल्टिकास्ट मात्र त्यातून सहसा जात नाही. ऑफिसातल्या लॅपटॉपचा व्हीपीएनवरचा साधा पत्ता द्या आणि नुसता नकाशा बघायचा असेल तर ती खूण काढून टाका.