ल्हासा अप्सो शांत असतो का? वन बीएचकेमध्ये आईबाबांच्या सोबतीला ठेवता येईल का?

सोबतीला उत्तम, पण शांत म्हणाल तर नाही. दिवसभर फरशीवर पसरलेला असतो, मात्र मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं की आधी हा दाराशी. दिसायला मांडीवरचं कुत्रं असलं तरी याचं मूळ काम पहाऱ्याचं.

तिबेटात मठांमध्ये आणि बड्या घरांमध्ये हे कुत्रे पाळत. बाहेर साखळीला दांडगा तिबेटी मॅस्टिफ आणि आत हा. परकं कुणी आत शिरलं की याने भुंकून घर जागं करायचं, पुढचं मॅस्टिफ आणि माणसं बघून घेतील, अशी वाटणी. बाजारात हे कुत्रे सहसा मिळत नसत, मानाची भेट म्हणून दिले जात. म्हणून बाहेरच्या जगात ते उशिराच पोचले. सिक्कीममधले ब्रिटिश अधिकारी एफ. एम. बेली यांनी १९२८ मध्ये काही कुत्रे इंग्लंडला नेले. अमेरिकेत १९३३ साली आलेली जोडी तर तेराव्या दलाई लामांनीच सायडॅम कटिंग या प्रवाशाला दिलेली. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबने १९३५ मध्ये मान्यता देताना त्याला चक्क टेरियर गटात बसवलं! घुशींच्या मागे बिळात शिरणाऱ्या कुत्र्यांशी याचा काय संबंध? पुढे गट बदलला म्हणा.

स्वभाव त्याच कामातून आलाय. घरच्यांवर जीव टाकतो, पण हुकूम ऐकेलच असं नाही. हाक मारली की आधी मान वळवून अंदाज घेतो, मग पटलं तर उठतो. आमचा ल्हासा दूधवाल्यावर भुंकत नाही, पण नवा कुरिअरवाला आला की इमारत डोक्यावर घेतो. लहान मुलांनी शेपूट ओढलेली अजिबात खपवून घेत नाही. पिल्लू असतानाच माणसांची सवय लावा, नाहीतर प्रत्येक पाहुणा त्याला चोर वाटतो.

आईबाबांना फिरवायला जड जाणार नाही. वजन साधारण ६ ते ८ किलो, उंची २५-२८ सेंटिमीटर, दोन छोट्या फेऱ्या पुरतात.

खरं काम केसांचं. तिबेटच्या थंडीसाठीचा तो दुहेरी कोट, आपल्या मे महिन्यात त्याचे हाल होतात, त्यामुळे आम्ही बारीक कापूनच ठेवतो. कानामागे आणि बगलेत गुंता होतो. आंघोळीच्या आधी विंचरा. गुंता ओला झाला की नमद्यासारखा घट्ट बसतो, मग कात्रीशिवाय सुटत नाही.

आणि घेताना पिल्लाची आई बघायला मागा. ल्हासा म्हणून शिह त्झू किंवा मिश्र पिल्लं सर्रास खपवतात. या जातीत मूत्रपिंडाचे आणि डोळ्यांचे आनुवंशिक आजार आढळतात, त्याबद्दल विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. टाळाटाळ केली तर दुसरीकडे बघा.