घरी बसवलेला कंप्रेसर आणि ‘खतम’ झालेली गॅरंटी

प्रश्न : मी नागपूरला त्रिमूर्तीनगरात राहतो, शाळेत नोकरी करतो. माझ्या नऊ वर्षं जुन्या डिझेल गाडीच्या एसीचा कंप्रेसर गेला. घाट रोडवरच्या एका दुकानातून ‘नवा कोरा’ म्हणून १३,५०० रुपयांना दुसरा घेतला. पैसे यूपीआयने दिले. बिल मागितलं तर चिठ्ठीवर ‘कंप्रेसर १ नग’ एवढंच लिहून मिळालं. सहा महिन्यांची गॅरंटी तोंडी. मावसभावाच्या मदतीने मी तो घरीच बसवला, गॅस ओळखीच्या एसी मेकॅनिकने घरी येऊन भरला. तीन आठवड्यांत, ऐन नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) कंप्रेसर जाम झाला, पट्टा तुटला आणि गाडी बुटीबोरीजवळ गरम होऊन बंद पडली. काढून पाहिलं तर रंगाखाली जुने ओरखडे, नंबर घासलेला. दुसऱ्याच दिवशी दुकानदाराला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. उत्तर आलं : ‘भाऊ, तुम्ही घरी फिटिंग केली, गॅरंटी खतम.’ वर फोनवर म्हणतो, घरी असं काम करणं बेकायदा आहे, आरटीओत तक्रार करीन. माझी केस होते का? दुसरं असं की बायकोच्या गाडीची कंपनीची वॉरंटी अजून चालू आहे. तिच्या एसीला बाहेरच्या मेकॅनिकने हात लावला तर ती जाते का?

उत्तर : केस होते. तिचा निम्मा पुरावा दुकानदाराने स्वतःच टाइप करून पाठवला आहे. त्याचं उत्तर पुन्हा वाचा. ‘हा माल माझा नाही’ असं तो म्हणत नाही. ‘गॅरंटी दिलीच नव्हती’ असंही म्हणत नाही. माल विकला, तुम्हाला विकला आणि त्यावर गॅरंटी होती, या तिन्ही गोष्टी त्याने त्या एका ओळीत कबूल केल्या. चिठ्ठीवर दुकानाचं नाव नसलं तरी यूपीआयची नोंद आणि हा संदेश एकत्र ठेवले की विक्री सिद्ध होते. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. स्क्रीनशॉटच्या छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं, प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोगाचं काम दिवाणी कोर्टाइतकं काटेकोर चालत नाही, पण समोरच्या वकिलाला बोट ठेवायला जागा कशाला द्यायची?

आता ‘घरी फिटिंग’बद्दल. गॅरंटीला अट घालायचा दुकानदाराला हक्क आहे. पण ती अट माल विकण्याआधी सांगायला हवी, शक्यतो लिहून. गल्ल्यात पैसे पडल्यावर आठवलेली अट तुमच्यावर बंधनकारक होत नाही. ‘आमच्या माणसाकडूनच बसवा, नाहीतर जबाबदारी नाही’ असं तो विकताना म्हणाला होता का, हे तुमच्या पत्रात नाही. म्हणाला असेल तर तुमच्या वकिलापासून लपवू नका.

इथे बरेच लोक एक गफलत करतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि दोन्हींचं वजन सारखं नाही. एक, कंप्रेसर सदोष होता. दोन, जुना माल नवा म्हणून विकला. ‘सदोष होता’ म्हणालात की दुकानदार लगेच फिटिंगवर घसरणार, आणि तिथे त्याच्या हातात मुद्दे आहेत. कंप्रेसर बदलताना ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा भाग) बदलावा, लाइन फ्लश करावी म्हणजे नळ्या आतून धुवाव्यात, ओ-रिंग (सांध्यांतल्या रबरी चकत्या) नव्या घालाव्यात, पॅग ऑइल (कंप्रेसरचं तेल) नेमक्या दर्जाचं आणि मापाने घालावं, पंप लावून व्हॅक्यूम नीट काढावा, मग मापात गॅस भरावा, असा रिवाज आहे. जुना कंप्रेसर आतून झिजून गेला असेल तर त्याचा बारीक धातूचा भुगा कंडेन्सरमध्ये अडकलेला असतो. तो नव्या कंप्रेसरमध्ये गेला किंवा तेल कमी पडलं, तर अस्सल कंपनीचा मालही काही आठवड्यांत जाम होऊ शकतो. तुम्ही ड्रायर बदलल्याचं पत्रात कुठेच म्हटलेलं नाही. बदलला नसेल तर समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल.

‘जुना माल नवा म्हणून विकला’ ही तक्रार मात्र फिटिंगवर मुळीच अवलंबून नाही. कंप्रेसर घरी बसवा, वर्कशॉपमध्ये बसवा, नाहीतर खोक्यातच ठेवा. जुना तो जुनाच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये वापरलेला, दुरुस्त केलेला किंवा पुन्हा बांधलेला माल नवा असल्याचं खोटं सांगणं ही अनुचित व्यापार प्रथा म्हणून स्पष्ट नमूद आहे. ‘रिकंडिशन’ सांगून विकला असता तर हरकत नव्हती, तो धंदा उघड चालतो. तुम्हाला ‘नवा’ सांगितला, हे महत्त्वाचं. म्हणून तक्रारीत हा मुद्दा पहिला आणि मुख्य, दोषाचा मुद्दा त्याच्या मागे.

हे सिद्ध करायला तो कंप्रेसरच लागेल. काढून पाहिला म्हणता. खोलला नसेल तर आता खोलू नका. दोन्ही तोंडांना बुचं लावा, रंग खरवडू नका, घासलेल्या नंबराचे जवळून फोटो घ्या, दोन माणसांसमोर पिशवीत बांधून वर सह्या घ्या. त्यातलं तेलही पुरावाच आहे. एक गोष्ट आठवून बघा. पुष्कळ नव्या कंप्रेसरमध्ये नायट्रोजन भरलेला असतो आणि बूच काढताच फुस्सकन आवाज येतो. तुमच्या मावसभावाने बसवताना व्हिडिओ काढला असेल तर तो शोधा. डब्यावर किंवा लेबलवर एखाद्या कंपनीचं नाव असेल तर लेबलचा फोटो त्या कंपनीला ईमेलने पाठवा आणि हा माल तुमचा का, नवा असताना असाच दिसतो का, हे विचारा. ‘आमचा नाही’ असं लेखी उत्तर आलं तर दुकानदाराला आयोगासमोर बोलायला फारसं उरत नाही. (जुना कंप्रेसर त्याच दुकानात ‘जमा’ करून भाव कमी करून घेतला असेल तर तेही सांगा. तो एव्हाना रंगरंगोटी होऊन कुणाच्या तरी गाडीत ‘नवा’ म्हणून बसलाही असेल.)

एवढं करूनही वाद राहिला तर ग्राहक संरक्षण कायद्याच्याच कलम ३८(२)(ग) प्रमाणे आयोग तो भाग सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तपासणीची फी आधी तुम्हाला भरावी लागते. त्याआधी एखाद्या जाणकार ऑटोमोबाइल इंजिनिअरचं स्वाक्षरीसह लेखी मत मिळवून जोडलंत, तर बऱ्याचदा तेवढ्यावरही भागतं.

मेकॅनिकला प्रतिवादी करू नका. तुम्ही त्याला खेचलंत की तो स्वतःला वाचवायला दुकानदाराची भाषा बोलेल. त्याऐवजी त्याचं शपथपत्र घ्या : गॅस कोणता, किती, व्हॅक्यूम किती वेळ काढला, तेल कोणतं घातलं. ड्रायर बदलला नसेल तर तेही खरं लिहू द्या. ते उलटतपासणीत बाहेर येण्यापेक्षा आधी आपणच सांगितलेलं बरं.

पैशांबद्दल हात थोडा आखडता घ्या. कंप्रेसरचे १३,५०० रुपये, पुन्हा भरावा लागणारा गॅस, पट्टा, गाडी ओढून आणल्याचा खर्च, मनस्तापाची वाजवी भरपाई, तक्रारीचा खर्च. पट्टा तुटल्यावर इंजिन गरम झालं, ठीक. पण तापमानाचा काटा वर गेल्यावरही तुम्ही बुटीबोरीपर्यंत तशीच रेटली असेल, तर त्यापुढचं इंजिनचं काम दुकानदाराच्या माथी मारता येणार नाही. आपलं नुकसान आपण वाढू द्यायचं नाही, ही अपेक्षा कायदा ग्राहकाकडूनही ठेवतो. फुगवलेला आकडा खऱ्या आकड्यावरचाही विश्वास घालवतो. कुणी ‘प्रॉडक्ट लायबिलिटी’चं, म्हणजे सदोष मालामुळे झालेल्या इजा-नुकसानीच्या जबाबदारीचं, प्रकरणही जोडा म्हणेल. जोडू नका. त्यात खुद्द वस्तूचं नुकसान धरलंच जात नाही आणि कलम ८७ मुळे विक्रेत्याला ‘माल चुकीचा वापरला’ म्हणायची आयती वाट मिळते.

पक्कं बिल न देणं हीसुद्धा त्याच कलम २(४७) खाली अनुचित प्रथा आहे. बिलात मुदत नसेल तर तीस दिवसांच्या आत सदोष माल परत घ्यायला नकार देणं, हीदेखील. तुम्ही तीस दिवसांच्या आत फोटो पाठवलेत आणि त्याने नकार दिला, हे तुमच्या बाजूने आहे. बिल नाही म्हणून ओशाळू नका. ती चूक त्याची.

प्रक्रिया सोपी आहे. आधी स्पीड पोस्टने, पोचपावतीसह, पंधरा दिवसांची नोटीस द्या. कायद्याने ती सक्तीची नाही, पण आयोगाला बरी दिसते, आणि पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. त्याच सुमारास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. दाद मिळाली नाही तर सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा ग्राहक आयोगात जा, किंवा ई-जागृती पोर्टलवर घरून तक्रार भरा. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षं. वकील लावायलाच हवा असं नाही. तुम्ही स्वतः उभे राहू शकता. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, तेवढी मनाची तयारी ठेवा. पोलिसांत फसवणुकीची तक्रार देता येते, पण तिथे ‘हे दिवाणी आहे’ हे उत्तर ऐकायला मिळण्याचीच शक्यता जास्त. नंबर मुद्दाम घासल्याचं तज्ज्ञाच्या लेखी मतात आलं, तर तेव्हा तो विचार करू.

आरटीओची धमकी हवेतली आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ नोंदणीतल्या तपशिलाला छेद देणाऱ्या बदलांबद्दल आहे. त्याच प्रकारचा भाग काढून त्याच प्रकारचा भाग बसवणं त्यात येत नाही, आणि स्वतःच्या गाडीचं काम स्वतः करायला परवाना लागत नाही. गॅसचं म्हणाल तर आजच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए असतो. तो ओझोनला धक्का लावत नाही, मात्र हवामान तापवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक आहे. पुढच्या वेळी तो हवेत सोडू नका, रिकव्हरी मशीन असलेल्याकडून काढून घ्या. नागपूरचा मे महिना आधीच कमी तापलेला नसतो.

बायकोच्या गाडीबद्दल. २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना दंड केला आणि हेही सांगितलं की, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. तो आदेश पुढे अपिलांत गेला, त्यामुळे केवळ त्याच्या भरवशावर सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर भांडायला जाऊ नका. तुमच्या हातातल्या वॉरंटी पुस्तिकेत काय लिहिलं आहे ते आधी वाचा. एसी वॉरंटीत असेल तर बाहेर जाण्यात फायदाच काय? फुकट होणारं काम विकत कशाला घ्यायचं? नसेल, तर पक्क्या बिलावर बाहेरून करा आणि बिल गाडीच्या कागदांत ठेवा. सर्व्हिस सेंटरने नंतर वॉरंटी नाकारलीच, तर कोणत्या अटीखाली नाकारली आणि बाहेरच्या कामाचा त्या बिघाडाशी काय संबंध, हे लेखी मागा.

नोटीस पोचली की दुकानदाराचा फोन येईल : ‘तो कंप्रेसर घेऊन या भाऊ, बघतो काय करता येते ते.’ जा, पण कंप्रेसर घरी ठेवून. पैसे परत द्यायला तयार असेल तर आधी पैसे खात्यात, मग माल त्याच्या हातात, आणि माल परत मिळाल्याची पावती त्याच्या सहीने.